वायू, पटल आणि रक्त : वायुचालित कृत्रिम हृदयाच्या इतिहासाचा एक विचार

१

यंत्रविद्येच्या इतिहासात पंपाचा विचार बहुधा दट्ट्या, नळकांडे आणि फिरते चक्र यांच्या अनुषंगाने केला जातो. दाबलेला वायू आणि लवचीक पटल यांच्या साहाय्याने द्रव ढकलण्याची जी रीत आहे, तिच्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. याचे कारण उघड आहे. ही रीत दिसावयास अगदी साधी. एका बंद पात्राचे लवचीक पडद्याने दोन भाग करावयाचे. एका भागात द्रव, दुसऱ्यात वायू. वायूचा दाब वाढविला की पडदा द्रवाच्या बाजूस फुगतो आणि द्रव एका झडपेतून बाहेर पडतो. दाब काढून घेतला की पडदा मागे सरतो आणि दुसऱ्या झडपेतून नवा द्रव आत शिरतो. लोहाराचा भाता ज्याने पाहिला आहे, त्याला यात नवे असे फारसे काही वाटणार नाही. फरक इतकाच की, भात्यात कातडे हलवून हवा ढकलतात, येथे हवेने पडदा हलवून द्रव ढकलावयाचा असतो.

तथापि याच साध्या रचनेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानवी हृदयाच्या जागी बसण्याचे साहस केले. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे. कृत्रिम हृदयाचा इतिहास सामान्यतः काही धाडसी शल्यचिकित्सकांचा आणि 'पहिला मान कोणाचा' या वादाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्या वादाचा परामर्श पुढे घ्यावा लागेलच; परंतु येथे मुख्यतः एका निराळ्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचे योजिले आहे. तो प्रश्न असा : पंपाला चालविणारी शक्ती कोठे ठेवावयाची, आणि ती तेथे ठेवल्याची किंमत कोणी द्यावयाची? वायू आणि पटल यांच्या रचनेने शक्ती शरीराबाहेर ठेवली आणि रक्ताला स्पर्श करणारा भाग तेवढा आत ठेवला. कृत्रिम हृदय शक्य झाले ते या विभागणीमुळे. आणि ते रुग्णाला पुरेसे ठरले नाही तेही पुष्कळ अंशी या विभागणीमुळेच. एकाच कारणाची ही दोन फळे कशी, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

ही रचना हृदयासाठी म्हणून जन्मास आलेली नाही. तिचे मूळ कारखान्यात आहे, आणि तेथील अनुभव लक्षात घेतल्याखेरीज पुढील इतिहासाचा उलगडा होत नाही.

एकोणिसाव्या शतकात साखरेच्या कारखान्यांतून 'माँत-ज्यू' नावाचे एक पात्र वापरात होते. या फ्रेंच नावाचा अर्थच 'रस वर चढविणारे' असा आहे. बंद पात्रात रस भरावयाचा, वरून वाफ किंवा दाबलेली हवा सोडावयाची, आणि तळाशी पोचलेल्या नळीतून रस वरच्या मजल्यावर चढवावयाचा, अशी ही योजना. तीव्र आम्ले हलविण्यासाठी रासायनिक कारखान्यांतही असेच अंडाकृती पात्र योजीत. त्यामुळे त्यास 'अ‍ॅसिड एग' असे नाव पडले. या पात्रात हलणारा भाग जवळजवळ नसल्यामुळे आम्लाने झिजण्यासारखे असे थोडेच राहत असे. हा त्याचा मोठा गुण होय. परंतु येथे वायू आणि द्रव यांचा प्रत्यक्ष स्पर्श होतो. वाफ रसात मिसळते व रस पातळ होतो. हवा द्रवात विरघळते, फेस येतो. आणि प्रत्येक खेपेस पात्रभर दाबलेला वायू वाया जातो. एका वाक्यात सांगावयाचे तर, बल पोचविणारा आणि बल घेणारा यांच्यामध्ये काही आडपडदा हवा होता.

तो आडपडदा लवचीक पटलाने पुरविला. रबर आणि पुढे कृत्रिम बहुवारिक द्रव्ये उपलब्ध झाल्यावर पटलाचे पंप निरनिराळ्या स्वरूपांत प्रचारात आले. त्यांपैकी आज सर्वपरिचित असलेला प्रकार म्हणजे हवेवर चालणारा दुहेरी पटलाचा पंप. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात जिम विल्डेन यांनी १९५५ साली तो सिद्ध केला. यात एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पटले जोडलेली असतात. हवेची झडप एकदा एका पटलामागे दाब सोडते व एकदा दुसऱ्यामागे. एक पटल द्रव बाहेर ढकलीत असता दुसरे आत ओढीत असते. चिखल, रंग, आम्ल, खडीमिश्रित पाणी असे काहीही तो वाहून नेतो. कोरडा चालला तरी बिघडत नाही. विजेची ठिणगी उडण्याचा संभव नसल्यामुळे ज्वालाग्राही द्रवांसाठी तो सुरक्षित ठरतो.

या पंपाचा एक गुण आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. बाहेर जाण्याची वाट बंद झाली तर दट्ट्याचा पंप दाब वाढवीतच राहतो आणि अखेर नळ किंवा पंप फुटतो. वायुचालित पटलाचा पंप मात्र द्रवाचा दाब वायूच्या दाबाइतका झाला की आपोआप थांबतो. वायू दबतो, वाट पाहतो, आणि वाट मोकळी होताच पुन्हा काम करू लागतो. वायूच्या अंगच्या या नमतेपणाला पुढे रक्ताच्या बाबतीत मोठाच अर्थ प्राप्त झाला. विल्डेन यांचा पंप आणि कृत्रिम हृदयावरील पहिले प्रयोग हे एकाच दशकातील खरे. परंतु त्यांत जनक-जन्य संबंध जोडण्याचे कारण नाही. एकच तत्त्व दोन निराळ्या गरजांना उत्तर म्हणून पुढे आले, एवढेच म्हणणे उचित होईल.

३

हृदयाचे कार्य दुसऱ्या साधनाने करून घेता येईल ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ लगाल्वा यांनी १८१२ साली असे प्रतिपादिले होते की, हृदयाऐवजी रक्त सतत आत सोडण्याची काही योजना करता आली तर शरीराचा कोणताही भाग जिवंत ठेवता येईल. हा विचार शंभर वर्षांहून अधिक काळ विचारच राहिला. असे का व्हावे?

प्रथमदर्शनी अडचण शक्तीची असावी असे वाटते. परंतु थोडे गणित केले असता तसे दिसत नाही. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसाचे हृदय मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. महारोहिणीतील सरासरी दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असतो. या दोन संख्यांचा गुणाकार केला असता हृदयाच्या डाव्या बाजूचे कार्य १.१ वॉटच्या आसपास येते. फुप्फुसांकडे रक्त पाठविणाऱ्या उजव्या बाजूचा दाब पुष्कळच कमी असल्यामुळे दोन्ही मिळून १.३ वॉटच्या पलीकडे आकडा जात नाही. खेळण्यातील विजेरीच्या मोटारीलाही जी शक्ती अवघड वाटू नये, ती शक्ती शास्त्रज्ञांना दुर्लभ होती असे म्हणता येणार नाही.

खरी अडचण दोन ठिकाणी होती. पहिली अविरतपणाची. मिनिटास ७० ठोके धरले तर दिवसाकाठी लाखाहून अधिक आणि वर्षाकाठी सुमारे पावणेचार कोटी वेळा पटल वाकले पाहिजे, आणि त्याला एकदाही चीर पडता कामा नये. कारण चीर पडली तर पलीकडचा वायू सरळ रक्तात शिरणार. दुसरी अडचण खुद्द रक्ताची. रक्त हा नुसता द्रव नव्हे. तो पेशींनी भरलेला, जिवंत आणि अत्यंत संशयी असा द्रव आहे. दोन कठीण पृष्ठभागांमध्ये तो चिरडला तर तांबड्या पेशी फुटतात. परक्या पृष्ठभागास तो लागला तर गोठू लागतो. आणि कोपऱ्यात साचून राहिला तर तेथे गुठळी धरतो. साखरेचा रस आणि आम्ल यांच्या बाबतीत जी सोय होती, ती येथे अपरिहार्य अट झाली.

इंग्लंडमध्ये डेल आणि शूस्टर यांनी १९२८ साली प्राण्यांच्या अवयवांत रक्त खेळविण्यासाठी एक दुहेरी पंप प्रसिद्ध केला. त्यात रक्ताच्या एका बाजूस रबराचे पातळ आवरण होते आणि त्याच्या पलीकडून मागेपुढे होणाऱ्या पाण्याच्या दाबाने ते हलविले जाई. येथे बल पोचविणारे माध्यम वायू नसून पाणी होते. परंतु यंत्र एका बाजूस, रक्त दुसऱ्या बाजूस आणि मध्ये केवळ एक नरम पडदा, ही मांडणी येथे स्पष्टपणे आढळते. १९३५ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अ‍ॅलेक्सिस कॅरेल आणि वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी काचेचा जो पंप केला, त्यात स्पंदणाऱ्या वायूच्या दाबाने पोषक द्रव अवयवांतून खेळविला जाई. त्यात मात्र पटल नव्हते. वायू व द्रव एकाच काचपात्रात होते. आणि द्रव हा रक्त नव्हता, म्हणून ते निभावले.

१९५३ साली जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने मानवी हृदयावर यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्या यंत्रात लवचीक नळीवर रूळ फिरवून रक्त पुढे ढकलीत. काही तासांपुरती ही रीत पुरेशी होती व अजूनही आहे. परंतु रुळाखाली चेपली जाणारी नळी महिनोगणती, तीही छातीच्या आत, चालविणे कोणास सुचण्यासारखे नव्हते. तेथे दुसरा मार्ग शोधणे भाग होते.

४

तो मार्ग विलेम कोल्फ यांच्या प्रयोगशाळेत निघाला. कोल्फ हे मूळचे डच वैद्य. जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये कांपेन या गावी १९४३ साली त्यांनी फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड रुग्णांवर वापरले होते. १९५० साली ते अमेरिकेत क्लीव्हलंड येथे आले. तेथे १९५७ च्या डिसेंबरात त्यांनी व जपानी शल्यचिकित्सक तेत्सुझो आकुत्सु यांनी एका कुत्र्याचे हृदय काढून त्या जागी पॉलिव्हिनिल क्लोराइडचे, हवेच्या दाबाने चालणारे हृदय बसविले. कुत्रा सुमारे ९० मिनिटे जगला.

आता जे घडले ते इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखे आहे. एवढ्यावरून हवेचा मार्ग निश्चित झाला, असे नव्हे. बाहेर यंत्र आणि आत हृदय ही व्यवस्था त्या वेळच्या संशोधकांना तात्पुरतीच वाटत होती. संपूर्ण यंत्र छातीतच मावावे, बाहेर फक्त विजेची तार असावी, हे ध्येय स्वाभाविकच अधिक आकर्षक होते. म्हणून पुढील दोन-तीन वर्षांत याच प्रयोगशाळेने विद्युच्चुंबकावर चालणारी आणि लंबकाप्रमाणे डोलणाऱ्या मोटारीवर चालणारी हृदये करून पाहिली. मोटार आत ठेवली की तिचे वजन आत आले, आकार आत आला, आणि मुख्य म्हणजे तिची उष्णता आत आली. १.३ वॉट उपयुक्त कार्य मिळविण्यासाठी जी शक्ती वाया जाई ती भोवतालच्या ऊतकांना तापवू लागली. अखेर प्रयोगशाळा हवेकडे परतली. १९६२ च्या सुमारास अमेरिकेच्या अंतराळ संस्थेच्या क्लीव्हलंड येथील केंद्रातील अभियंत्यांनी या हृदयासाठी हवेच्या दाबाचे स्वयंनियमन करणारी यंत्रणा करून दिली. रॉकेटच्या कामात वायूंच्या दाबाचे नियंत्रण हा त्यांचा नित्याचा विषय होता.

हवेकडे परतणे ही माघार होती, पण शहाणपणाची माघार होती. वायू हलका असल्यामुळे नळीतून तत्काळ जातो व येतो. तो बाहेर सोडून देता येतो. आणि त्याचे यंत्र कितीही मोठे, गरम व गोंगाटाचे असले तरी ते छातीबाहेर राहते. आत उरतात ती फक्त दोन पटले, चार झडपा आणि एक कवच. मोटार बिघडली तर ती खोलीच्या कोपऱ्यात बदलता येते. १९६४ साली अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय हृदय संस्थेने कृत्रिम हृदयाची खास योजना सुरू केली, तिची दृष्टी संपूर्णपणे शरीरांतर्गत अशा यंत्रावर होती. प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणाऱ्या हृदयाचाही त्यात विचार झाला. परंतु प्रत्यक्ष प्राण्यांना जगविण्याच्या कामी पुढे सरकली ती हवेच्या नळीला बांधलेली हृदयेच.

५

शक्तीचा प्रश्न असा बाहेर टाकल्यावर संशोधकांचे सर्व लक्ष पटलावर केंद्रित झाले. कोल्फ १९६७ साली उटाह विद्यापीठात गेले. त्यांच्या तेथील प्रयोगशाळेचा पुढील पंधरा वर्षांचा इतिहास हा एका अर्थी पटलाच्या आकाराचा आणि द्रव्याचा इतिहास आहे.

प्रारंभीची हृदये पिशवीसारखी असत. बाहेरून हवेने पिशवी चेपली की तिच्या भिंती एकमेकींना चिकटत आणि मध्ये सापडलेल्या तांबड्या पेशी चिरडल्या जात. क्लिफर्ड क्वान-गेट यांनी यावर उपाय म्हणून अर्धगोलाकृती पटलाची रचना केली. पटल पूर्ण पुढे आले तरी समोरच्या भिंतीला ते टेकत नसे. त्यामुळे रक्त चिरडले जाण्याचे प्रमाण घटले. १९७१ साली प्रयोगशाळेत आलेल्या रॉबर्ट जार्विक यांनी हृदयाचा बाह्य आकार छातीत नीट बसेल असा केला आणि पटल एकेरी न ठेवता पॉलियुरेथेनच्या अनेक पातळ थरांचे केले. थरांमध्ये ग्रॅफाइटची पूड असे, तेणेकरून ते एकमेकांवर घासून न झिजता सरकत. जाड पटल वाकताना तुटते, पातळ पटल दाबाने फाटते. अनेक पातळ थरांनी या दोन्ही संकटांतून वाट काढली. १९८१ पर्यंत या प्रयोगशाळेतील एक वासरू कृत्रिम हृदयावर २६८ दिवस जगले होते.

या हृदयाचे नियमन कसे होई हे सांगितल्याखेरीज त्याची खरी थोरवी कळणार नाही. नैसर्गिक हृदयाचा असा धर्म आहे की, त्यात जितके रक्त परत येईल तितके ते पुढे ढकलते. यंत्राने हे कसे साधावे? वायुचालित हृदयात हवेचा दाब व कालावधी असा ठेवीत की, प्रत्येक ठोक्यास रक्ताची जवनिका पूर्ण रिकामी व्हावी, परंतु ती पूर्ण भरू देऊ नये. शरीराकडून अधिक रक्त परत आले की अपुरी भरणारी जवनिका थोडी अधिक भरे, आणि पुढच्या ठोक्यास तेवढे अधिक रक्त बाहेर पडे. कोणताही ज्ञानतंतू नसताना, ठोक्यांची गती न बदलताही, हृदय शरीराच्या मागणीस काही मर्यादेपर्यंत उत्तर देई. कारखान्यातील पंपाच्या ज्या नमतेपणाचा वर उल्लेख केला, तोच येथे शरीरक्रियेचे रूप घेऊन आला. ताठ दट्ट्याला हे सहजी साधले नसते.

येथेच 'पहिला मान कोणाचा' या वादाचा परामर्श घेणे योग्य होईल. लोकांच्या तोंडी जार्विक यांचे नाव राहिले, कारण यंत्राला त्यांचे नाव होते. परंतु त्या त्या वेळी ज्या सहकाऱ्याच्या हाती काम असेल त्याचे नाव हृदयाला द्यावयाचे, ही कोल्फ यांची पद्धत होती. पॉल विंचेल या शब्दभ्रमकार कलावंतास कृत्रिम हृदयाचे पेटंट १९६३ साली मिळाले होते. त्यांच्या कल्पनेचा पुढील हृदयात किती अंश आहे यावर पुढे बराच वाद झाला. कागदपत्रांचा आधार घेऊन इतके निश्चित म्हणता येते की, कवच, पटल, द्रव्य, झडपा, बाह्य यंत्र आणि नियमन यांचे जनक निरनिराळे आहेत. ज्या यंत्राचा अर्धा भाग छातीत आणि अर्धा खोलीत आहे, त्याचा एकच जनक शोधणे मुळातच चुकीचे होय.

६

मानवी छातीत संपूर्ण कृत्रिम हृदय प्रथम बसले ते १९६९ च्या ४ एप्रिल रोजी, ह्यूस्टन येथे. अर्जेंटिनाचे दोमिंगो लिओता यांनी ज्याच्यावर काम केले होते असे हे वायुचालित, पटलयुक्त हृदय डेंटन कूली यांनी ४७ वर्षांच्या हॅस्केल कार्प यांना बसविले. ६४ तासांनी त्यांना मानवी हृदय मिळाले. परंतु त्यानंतर सुमारे ३२ तासांनी त्यांचे निधन झाले. हे यंत्र पुरेशा प्रयोगांपूर्वीच वापरले गेले का, आणि ते कोणाच्या प्रयोगशाळेचे, यावरून कूली आणि मायकेल डीबेकी यांच्यात जे वितुष्ट आले ते अनेक दशके टिकले. यंत्र तीन दिवसांपर्यंत पोचले होते. त्याच्या वापराची नीती मात्र अजून घडावयाची होती.

तिची कसोटी १९८२ साली लागली. २ डिसेंबर रोजी सॉल्ट लेक सिटी येथे विल्यम डीव्रीस यांनी बार्नी क्लार्क या ६१ वर्षांच्या दंतवैद्यास 'जार्विक-७' हे हृदय बसविले. या वेळी प्रत्यारोपणाची आशा नव्हती. हेच हृदय अखेरपर्यंत राहावयाचे होते. क्लार्क यांनी अकरा पानांच्या संमतिपत्रावर सही केली होती. त्यांच्या पोटातून बाहेर आलेल्या दोन नळ्या काही फुटांवरील यंत्राला जोडलेल्या होत्या. यंत्राचे वजन सुमारे १७० किलोग्रॅम होते. सहाव्या दिवशी झटके आले. तेराव्या दिवशी डाव्या बाजूची एक झडप तुटली आणि ती जवनिकाच बदलावी लागली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, तुटली ती तयार मिळणारी धातूची झडप. पटल तुटले नाही. ११२ दिवसांनी, २३ मार्च १९८३ रोजी, क्लार्क यांचे निधन झाले. त्यांचे एकेक अवयव निकामी होत गेले. हृदय तेवढे चालू होते. त्याने तोपर्यंत सुमारे १ कोटी २९ लाख ठोके दिले होते. अखेर ते यंत्र बंद करावे लागले.

क्लार्क यांना त्या यंत्राची किल्ली देण्यात आली होती. जगणे असह्य वाटल्यास त्यांनी स्वतः यंत्र बंद करावे, अशी ती मुभा होती. नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी या किल्लीवर पुष्कळ लिहिले. यंत्रविद्येच्या इतिहासकारालाही ती बोलकी वाटावी. शक्ती शरीराबाहेर असल्यामुळेच तिला किल्ली असू शकली. आपल्या हृदयाला बाहेर एक कळ आहे आणि ती कोणी तरी दाबू शकतो, ही स्थिती माणसाच्या वाट्यास पूर्वी कधी आली नव्हती. ती कोणी दाबावी, केव्हा दाबावी, आणि ते मरण की आत्मघात, हे प्रश्न हवेच्या नळीबरोबर आले.

यानंतर आणखी चौघांना हे हृदय कायमचे म्हणून बसविण्यात आले. ते अनुक्रमे ६२०, ४८८, २२९ आणि १० दिवस जगले. ६२० दिवस जगलेले विल्यम श्रोडर काही वेळ लहान, वाहून नेता येईल अशा यंत्रावर रुग्णालयाबाहेर फिरूनही आले. परंतु त्यांना वारंवार पक्षाघाताचे झटके आले. गुठळ्या धरत त्या पटलाच्या कडेशी, झडपांच्या जोडाशी, जेथे रक्ताचा वेग मंदावतो तेथे. आणि नळ्या जेथे कातडीतून बाहेर येत तेथे जंतूंना वाट मिळे. १९९० च्या जानेवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्राची प्रायोगिक परवानगी काढून घेतली. पटलाने वायूला रक्तापासून दूर ठेवले. रुग्णाला यंत्रापासून दूर ठेवणे त्याच्या हाती नव्हते.

७

याच तत्त्वाची दुसरी शाखा हृदयाच्या जागी न बसता हृदयाला हात देण्यास निघाली. कोल्फ यांच्याच प्रयोगशाळेत मुलोपुलोस आणि त्यांचे सहकारी यांनी १९६२ साली महारोहिणीत एक लांबट फुगा ठेवून पाहिला. हृदय विसावले असता फुगा फुगवावयाचा, म्हणजे रक्त हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांकडे अधिक जाते. हृदय आकुंचन पावण्याच्या आधी तो मिटवावयाचा, म्हणजे हृदयासमोरील दाब उतरतो. १९६७ साली ब्रुकलिन येथे एड्रियन कांट्रोविट्झ यांनी त्याचा मानवी रुग्णावर प्रथम उपयोग केला. येथे हवेऐवजी हेलियम वापरण्याचा प्रघात पडला, कारण हा अत्यंत हलका वायू अरुंद नळीतून झटकन जातो व येतो. परंतु फुगा फुटल्यास कार्बन डायऑक्साइडप्रमाणे तो रक्तात लवकर विरघळत नाही. वेग हवा तर धोका पत्करावा, आणि धोका नको तर वेग सोडावा, असा हा व्यवहार होता.

फुग्याची ही योजना पुढे जगभरच्या हृदयरोग विभागांत नित्याची झाली. साधी, लवकर बसविता येणारी, काढून घेता येणारी! परंतु ४५ वर्षांच्या वापरानंतर, २०१२ साली, तीव्र हृदयविकारानंतर आघातावस्थेत गेलेल्या ६०० रुग्णांवरील एक तुलनात्मक पाहणी प्रसिद्ध झाली. ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण फुगा वापरलेल्या गटात ३९.७ टक्के आणि न वापरलेल्या गटात ४१.३ टक्के आढळले. हा फरक गणिताच्या कसोटीवर अर्थपूर्ण ठरला नाही. तत्त्व निर्दोष, रचना निर्दोष, तरी उपयोग सिद्ध होईलच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला. शरीरक्रियेच्या आलेखावर दाब सुधारलेला दिसणे आणि रुग्ण जगणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

उलट, संपूर्ण कृत्रिम हृदयाला मात्र पुन्हा मान मिळाला, तो निराळ्या भूमिकेत. कायमचे हृदय म्हणून जे नाकारले गेले, तेच प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णासाठी काही आठवड्यांचा अथवा महिन्यांचा सेतू म्हणून स्वीकारले गेले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जार्विक-७ च्याच वंशातील वायुचालित हृदयावर असलेल्या रुग्णांपैकी ७९ टक्के रुग्ण प्रत्यारोपणापर्यंत पोचले. तुलनेच्या गटात हे प्रमाण ४६ टक्के होते. त्याच वर्षी त्याला अमेरिकेत या उपयोगासाठी मान्यता मिळाली. यंत्र मुळात तेच राहिले. बदलली ती त्याच्याकडून ठेवलेली अपेक्षा. नळीला बांधलेले जीवन अखेरपर्यंतचे असेल तर असह्य होते. पलीकडचा तीर दिसत असेल तर ते सोसता येते.

८

पुढील घडामोडी थोडक्यात सांगतो. २००१ साली मानवात बसविलेले 'अ‍ॅबिओकोर' हृदय वीज व तेल यांच्या दाबावर चालणारे होते. त्यात वायू गेला, नळ्याही गेल्या. २०१३ साली पॅरिस येथे प्रथम बसविलेल्या 'कार्मा' हृदयात तेलाच्या दाबाने पटल हलते आणि त्या पटलाची रक्ताकडची बाजू गाईबैलांच्या हृदयावरणापासून केलेली असते; तेथे वायू गेला, पण पटल राहिले. २०२४ साली ह्यूस्टन येथे प्रथम वापरलेल्या 'बायव्हॅकोर' यंत्रात चुंबकबलाने अधांतरी फिरणारे एकच चक्र आहे. तेथे वायू नाही, पटल नाही आणि झडपही नाही. हृदय म्हणजे ठोके देणारी पिशवी, या ज्या गृहीताने हा सगळा इतिहास चालविला, ते गृहीतच तेथे बाजूस ठेवले आहे.

यावरून वायू-पटलाची रचना कालबाह्य ठरली, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. कारखान्यांतून ती आजही खपते आहे, आणि सेतू म्हणून तिने अनेकांना प्रत्यारोपणापर्यंत पोचविले आहे. शिवाय रक्ताला काय सोसते आणि काय सोसत नाही, याचे जे ज्ञान नंतरच्या सर्व यंत्रांना उपयोगी पडले, त्याचा मोठा भाग याच पटलांवर मिळविलेला आहे.

तात्पर्य, एखादी रचना अवघड प्रश्न सोडविते असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ती तो प्रश्न दुसरीकडे नेऊन ठेवीत असते. वायुचालित हृदयाने शक्तीचा, उष्णतेचा आणि वजनाचा प्रश्न छातीतून उचलून खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. अभियंत्याच्या दृष्टीने तो तेथे सुटला. रुग्णाच्या दृष्टीने तो तेथे सुरू झाला. यंत्रांचा इतिहास लिहिताना यंत्र चालले की नाही एवढेच विचारून थांबता येत नाही. त्याचा भार कोठून कोठे गेला आणि तो अखेर कोणी वाहिला, हेही विचारावे लागते. क्लार्क यांच्या हाती दिलेली ती लहानशी किल्ली याच प्रश्नाची खूण म्हणून या इतिहासात राहील.